नोकरी सांभाळून पोर्ट्रेट काढताना आपली शैली कशी जपावी

आठवडाभर नोकरी आणि सुटीच्या दिवशी कॅमेरा असं ज्यांचं चालतं, त्यांच्या हातात एक मोठी गोष्ट असते. घरखर्च पगारातून निघत असल्यामुळे न पटणारं काम ते नाकारू शकतात. पूर्णवेळ फोटोग्राफरला ही मुभा दर महिन्याला मिळतेच असं नाही. तरीही कामं येऊ लागली की अनेकांचे फोटो हळूहळू सगळ्यांसारखे दिसायला लागतात. कुणाला मागचं सगळं धूसर हवं असतं, कुणी चेहरा गुळगुळीत करून मागतं, कुणी दुसऱ्याच फोटोग्राफरचा फोटो दाखवून ‘अगदी असाच’ म्हणतं, आणि दर वेळी हो म्हणून टाकणं सोपं असतं. शैली अशा छोट्या छोट्या होकारांतून झिजते.

हा लेख पोर्ट्रेटची कामं नुकतीच घेऊ लागलेल्यांसाठी आहे. मी शैलीकडे पुन्हा पुन्हा घेतलेले निर्णय म्हणून पाहते. समोरच्या माणसापासून किती अंतरावर उभं राहायचं, उजेड कुठून घ्यायचा, शटर कधी दाबायचं, शेकडो फ्रेममधून कोणती ठेवायची, हे ते निर्णय. ते कागदावर उतरवता येतात, आणि एकदा उतरवले की क्लायंटशी बोलताना, शूटमध्ये आणि एडिटिंगला बसल्यावर त्यांचा आधार घेता येतो.

पायरी १: आपली शैली शोधा आणि लिहून काढा

आतापर्यंत काढलेल्या पोर्ट्रेटमधून तीसेक फोटो निवडा. निवडीची कसोटी एकच ठेवा: या फोटोचे पैसे मिळाले नसते, कुणी कौतुक केलं नसतं, तरी मी तो जपून ठेवला असता का? लग्नात सगळ्यांना आवडलेला फोटो या कसोटीवर टिकला नाही तर खुशाल बाजूला काढा. मग तीसही फोटो एकत्र दिसतील असे मांडा. लहान आकाराच्या प्रिंट काढून जमिनीवर पसरलेल्या उत्तम. स्क्रीनवर बघणार असाल तर सगळे लहान करून एकाच पानावर आणा. फोटो लहान झाला की चेहऱ्याची ओळख मागे पडते आणि उजेड, रचना, रंग दिसायला लागतात.

आता स्वतःला प्रश्न विचारा. उजेड बहुतेक कोणत्या बाजूने आला आहे? सावली गडद आहे की भरून काढलेली? माणूस कॅमेऱ्याकडे बघतो आहे की दुसरीकडे? हात फ्रेममध्ये आहेत का, आणि असले तर ते काय करताहेत? मागची जागा ओळखू येते का? हसरे चेहरे किती? डोक्यावर मोकळी जागा किती सोडली आहे? बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये फोटोसोबतची माहिती चाळता येते. कोणत्या फोकल लेन्थवर (लेन्सचा मिमीतला आकडा) आणि कोणत्या अपर्चरवर (लेन्सचं भोक; एफचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं आणि मागचं धूसर) तुमचे सर्वांत आवडते फोटो निघाले, तेही त्यात पाहून घ्या.

इथे एक सावधगिरी हवी. दर वेळी दिसणारी प्रत्येक गोष्ट तुमची निवड असेलच असं नाही, काही गोष्टी नाइलाजाने येतात. समजा, तीसपैकी पंचवीस फोटो एफ १.८ वर काढलेले आहेत. तुम्हाला मागचं धूसर आवडतं म्हणून तसं झालं, की घरातला उजेड कमी पडायचा आणि सोबत असलेली लेन्स तेवढी उघडायची म्हणून? कळायला सोपा मार्ग आहे. एक शूट मुद्दाम उलट करा. एफ ५.६ किंवा एफ ८ वर, माणसामागचं टेबल, पुस्तकं, दार सगळं स्पष्ट ठेवून फोटो काढा. ते बघताना धूसरपणाची उणीव जाणवली तर ती तुमची आवड. उलट माणूस आणि त्याची जागा एकत्र दिसल्यावर जास्त बरं वाटलं, तर इतके दिवस लेन्स तुमच्या वतीने निर्णय घेत होती. बाजूचा उजेड, रंग काढून टाकणं, छातीपर्यंतचा क्रॉप, यांतल्या प्रत्येक सवयीची अशी एकेक परीक्षा घ्या. घाई नको, एका शूटला एकच परीक्षा पुरे.

शेवटी पाच-सहा साधी वाक्यं लिहा. उदाहरणार्थ: ‘मी खिडकीचा उजेड एका बाजूने घेते आणि सावली भरून काढत नाही. मी डोळ्यांच्या उंचीवरून, दीड-दोन मीटरवरून फोटो काढते. माणूस जिथे राहतो किंवा काम करतो ती जागा ओळखू येते. मी हसायला सांगत नाही. त्वचेचा पोत मी ठेवते.’ ‘भावपूर्ण’, ‘नैसर्गिक’, ‘कालातीत’ असे शब्द या कागदावर येऊ देऊ नका. ते प्रत्येक फोटोग्राफरला लागू पडतात, त्यामुळे शूटच्या वेळी त्यांचा काही उपयोग होत नाही.

पायरी २: काय वाकेल आणि काय नाही ते ठरवा

लिहिलेल्या वाक्यांपैकी दोन किंवा तीन वाक्यांखाली रेघ ओढा. ही कोणत्याही कामात बदलायची नाहीत. बाकीची गरजेप्रमाणे बदलता येतील. सहाही वाक्यं अढळ ठेवलीत तर समोरच्या माणसाला जागाच उरत नाही, आणि पोर्ट्रेट तर त्याचं आहे.

मोठ्या पोर्ट्रेट फोटोग्राफरांच्या कामात हे फार स्पष्ट दिसतं. अर्व्हिंग पेन यांनी १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओत दोन उभे फलक एकमेकांना टेकवून एक अरुंद कोपरा तयार केला आणि नामवंत माणसांना त्यात उभं केलं. कोपरा तोच, त्यात कसं उभं राहायचं ते मात्र ज्याचं त्याने ठरवायचं. कुणी भिंतींना रेलून ऐसपैस उभं राहिलं, कुणी अंग चोरून घेतलं. रिचर्ड ॲव्हडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या कामकरी माणसांचे फोटो काढले तेव्हा मागे पांढरा कागद, उघड्यावरची सावली आणि मोठ्या फिल्मचा आठ बाय दहा इंची कॅमेरा एवढं पक्कं ठेवलं. आर्नल्ड न्यूमन यांचा मार्ग बरोबर उलटा. माणसाला त्याच्या कामाच्या वस्तूंसह दाखवायचं हा त्यांचा आग्रह. त्यांनी १९४६ मध्ये काढलेल्या संगीतकार स्त्राविन्स्की यांच्या पोर्ट्रेटमध्ये बहुतांश फ्रेम पियानोच्या काळ्या झाकणाने व्यापली आहे आणि माणूस एका कोपऱ्यात आहे. एकाने सगळं काढून टाकलं, दुसऱ्याने सगळं आत घेतलं, आणि दोघांचेही फोटो नाव न वाचता ओळखता येतात.

मला या संदर्भात सर्वांत जवळचं उदाहरण वाटतं ते पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाच्या सेयदू केयता यांचं. ते मुळात सुतारकाम शिकलेले होते. १९३५ च्या सुमारास काकांनी आणून दिलेल्या साध्या कोडॅक कॅमेऱ्यावर ते फोटो काढायला लागले आणि १९४८ मध्ये त्यांनी मालीची राजधानी बामाकोत स्टुडिओ उघडला. त्यांचे फोटो गिऱ्हाइकांनी पैसे देऊन काढून घेतलेले आहेत. येणाऱ्याला रुबाबदार दिसायचं असे, म्हणून स्टुडिओत कोट, घड्याळं, रेडिओ ठेवलेले असत. ज्याला जे हवं ते त्याने घालावं, हातात घ्यावं. पण मागचं नक्षीदार कापड, दिवसाचा उजेड आणि माणसाला किंचित वळवून बसवण्याची पद्धत केयतांची होती. गिऱ्हाइकाची हौसही पुरी झाली आणि फोटोही त्यांचेच राहिले. क्लायंटचं काम आणि स्वतःचं काम यांत भांडण असलंच पाहिजे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे फोटो निवांत पाहावेत.

पायरी ३: कमी वेळ हीच चौकट माना

दीड तासाच्या शूटमागे बोलणी, प्रवास, निवड, एडिटिंग, बॅकअप आणि फोटो पाठवणं मिळून आणखी पाच-सहा तास जातात असं धरून चाला. नोकरी असताना महिन्यात दोन किंवा तीन शूट नीट होतात. त्यापेक्षा जास्त घेतली की पहिला बळी एडिटिंगचा जातो. मग विकत घेतलेला एखादा प्रीसेट (एडिटिंगच्या तयार सेटिंगचा संच) सगळ्यांवर चढवून फोटो पाठवले जातात आणि ते कुणाचेही वाटतात.

वेळ कमी आहे म्हणून निवडीही कमी ठेवा: एक लेन्स, एक दिवा, दोन जागा. जागा निवडताना त्या दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी जाऊन बघा. उत्तर गोलार्धात राहणाऱ्यांना उत्तरेकडच्या खिडकीतून वर्षातले बहुतेक महिने थेट ऊन जवळपास मिळत नाही आणि उजेड दिवसभर मऊ राहतो. दक्षिण गोलार्धात तेच काम दक्षिणेची खिडकी करते. पश्चिमेची खिडकी संध्याकाळी तासभरच हवा तसा उजेड देईल, पण नोकरीनंतर शूट करणाऱ्याला तो तासच मिळतो, त्यामुळे ती ओळखीची करून घ्या. दिवस लहान असतात त्या महिन्यांसाठी एक फ्लॅश आणि एक मोठा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी) पुरतो. तो खिडकी जिथे असती तिथेच ठेवा, म्हणजे ऋतू बदलला तरी तुमच्या फोटोंतला उजेड परका वाटत नाही.

पायरी ४: जे काम हवं तेच दाखवा

ही पायरी छोटी आहे, पण पुढचे निम्मे वाद तिच्यामुळे टळतात. माणसं पोर्टफोलिओत जे बघतात तेच मागतात. पंधरा-वीस फोटो ठेवा आणि त्यांतला प्रत्येक फोटो पहिल्या पायरीच्या कागदाशी ताडून बघा. भरपूर लाइक मिळालेला पण तुमच्या पद्धतीचा नसलेला फोटो काढून टाका. तो ठेवलात तर तसलंच काम येत राहील. हवं तसं काम अजून मिळालंच नसेल तर मित्रांना, सहकाऱ्यांना, शेजाऱ्यांना बसवून तसे फोटो काढा आणि ते लावा. पैसे मिळाले नाहीत म्हणून फोटो कमी प्रतीचा होत नाही.

पायरी ५: तारीख देण्याआधी बोला

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची पायरी ही. शैलीवरून होणारे बहुतेक मनस्ताप शूटमध्ये किंवा एडिटिंगमध्ये सुरू होत नाहीत, पहिल्या फोनवर सुरू होतात. दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या गोष्टी अपेक्षित असतात आणि ते कुणी बोललेलं नसतं.

आधी तीन गोष्टी विचारा. फोटो कशासाठी हवेत? कुठे लागणार आहेत, भिंतीवर, नोकरीच्या प्रोफाइलवर की नातेवाइकांना पाठवायला? आणि माझ्या फोटोंपैकी कोणते दोन तुम्हाला आवडले? तिसरा प्रश्न सोडू नका. उत्तर चटकन आलं तर तो माणूस तुमचं काम पाहून आला आहे. ‘सगळेच छान आहेत’ एवढंच उत्तर आलं तर त्याला बहुधा तुमची तारीख किंवा तुमचा दर सोयीचा वाटला आहे. त्यात गैर काही नाही, फक्त पुढचं बोलणं जास्त स्पष्ट करावं लागेल.

कुणी दुसऱ्याचा फोटो दाखवला तर लगेच नकार देऊ नका. ‘यातलं तुम्हाला नेमकं काय आवडलं?’ असं विचारा. बहुतेकांना त्यातले रंग किंवा एडिटिंग नको असतं. ‘ती किती निवांत बसलीये’ किंवा ‘आई-मुलगी किती जवळ आहेत’ असं काहीतरी उत्तर येतं. निवांतपणा आणि जवळीक तुम्हालाही देता येते, तुमच्या उजेडात, तुमच्या पद्धतीने. तसं सांगा आणि आपला त्या जातीचा एखादा फोटो दाखवा.

आणि खरोखरच वेगळं काही हवं असेल तर सरळ नाही म्हणा. असा निरोप पुरेसा असतो: ‘नमस्कार. तुम्ही पाठवलेले फोटो पाहिले. तुम्हाला चमकदार प्रकाशातले, पूर्ण रिटच केलेले फोटो हवे आहेत. मी एका दिव्यात किंवा खिडकीच्या उजेडात साधे फोटो काढते, त्यामुळे तुम्हाला हवं ते माझ्याकडून नीट होणार नाही. या प्रकारचं काम चांगलं करणाऱ्या एकांचं नाव देते, त्यांच्याशी जरूर बोलून बघा.’ वेगवेगळ्या पद्धतीने काम करणारे चार-पाच फोटोग्राफर ओळखीचे करून ठेवले की असा नकार देताना अवघडल्यासारखं होत नाही. तेही तुमच्याकडे माणसं पाठवायला लागतात.

ठरलेलं सगळं लिहून पाठवा: किती वेळ, किती फोटो, किती दिवसांत, रिटचिंग (चेहऱ्यावरचे डाग वगैरे काढणं) कुठवर, रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातल्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइल्स) मिळतील की नाही. क्लायंटने फोटोंवर स्वतःहून फिल्टर लावून ते तुमच्या नावाने कुठेही टाकू नयेत, हेही त्यात असू द्या. तुम्हाला फोटो पोर्टफोलिओत लावायचे असतील तर त्याची परवानगी वेगळी घ्या. मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती हवीच.

दराबद्दल एकच सांगते. आपण पार्ट-टाइम आहोत म्हणून दर पाडू नका. फक्त स्वस्त म्हणून आलेल्या माणसाला तुमच्या पद्धतीशी देणंघेणं नसतं, आणि शैली मोडायचा आग्रह तोच सर्वांत जास्त धरतो. नोकरीच्या करारात बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलं आहे तेही एकदा वाचून घ्या.

पायरी ६: शूटमध्ये दोघांसाठी जागा ठेवा

दीड तासाचे तीन भाग करा. पहिली वीसेक मिनिटं क्लायंटला जे हवं त्यासाठी ठेवा: कॅमेऱ्याकडे बघून, हसरा चेहरा, नेटका क्रॉप. उजेड आणि अंतर तुमचंच, बाकी त्यांच्या मनासारखं. हे झालं की समोरच्याच्या मनावरचं ओझं उतरतं, ‘आपले फोटो मिळाले’ असं त्याला वाटतं. मग मधला मोठा भाग तुमच्या पद्धतीसाठी घ्या. बोलत राहा, मधूनच गप्प व्हा, माणसाला खिडकीतून बाहेर बघू द्या, हात कुठे ठेवायचे ते त्याचं त्याला ठरवू द्या. शेवटची दहा-पंधरा मिनिटं मोकळी सोडा. काही सुचलं तर करा, नाही तर आवरा.

फोटोग्राफर यूसुफ कार्श यांनी ३० डिसेंबर १९४१ रोजी कॅनडातल्या ओटावात विन्स्टन चर्चिल यांचा फोटो काढला, ती हकिगत अनेकांना ठाऊक आहे. कार्श यांनी त्यांच्या तोंडातली सिगार काढून घेतली आणि पुढच्याच क्षणी शटर दाबलं. त्या रागीट चेहऱ्याचा फोटो जगभर गेला. त्याच बैठकीत कार्श यांनी चर्चिल यांचा एक हसरा फोटोही काढला, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. एका बैठकीत दोन चेहरे मावतात. तुमच्या क्लायंटला हसरा हवा असेल तर तोही मनापासून काढा, आणि दुसऱ्यासाठी थांबा.

आता तंत्राच्या अशा गोष्टी, ज्यांवर शैली प्रत्यक्ष उभी असते.

चेहऱ्याचा आकार कसा दिसेल ते लेन्सवर ठरत नाही, तुम्ही किती दूर उभे आहात त्यावर ठरतं. अर्ध्या मीटरवरून नाक मोठं आणि कान लहान दिसतात, दीड-दोन मीटरवरून चेहरा नेहमी बघतो तसा दिसतो. लेन्स फक्त त्या अंतरावरून किती भाग फ्रेममध्ये येईल ते ठरवते. म्हणून आपलं आवडतं अंतर आधी ठरवा आणि लेन्स त्याप्रमाणे निवडा. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्सने दोन मीटरवरून डोकं-खांदे छान बसतात. दीड पटीच्या क्रॉप, म्हणजे त्याहून लहान, सेन्सरवर तेच काम साधारण ५६ मिमीची लेन्स करते.

सावली किती गडद हवी ते माणसाला एक पाऊल इकडेतिकडे सरकवून ठरवता येतं. खिडकीच्या अगदी जवळ बसवलं तर उजेडाची बाजू लख्ख आणि खोलीची आतली भिंत काळोखी होते. खिडकीपासून मागे नेलं की फरक कमी होतो. सावली आणखी खोल हवी तर चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला काळा पुठ्ठा किंवा काळं कापड धरा, मऊ हवी तर तिथेच पांढरा थर्माकोल. फ्लॅश वापरताना लक्षात ठेवा की दिव्याचं अंतर दुप्पट केलं तर उजेड एक चतुर्थांश उरतो. सॉफ्टबॉक्स लांब नेला की माणसाच्या नजरेला तो लहान होतो, म्हणून सावलीची कडही टोकदार होते.

खोलीतले दिवे बंद करा. पिवळट बल्ब साधारण ३००० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) असतो आणि दिवसाचा उजेड ५५०० च्या आसपास किंवा त्याहून वर. दोन्ही एकाच गालावर पडले तर एडिटिंगमध्ये कितीही झगडलं तरी त्वचेचा रंग जुळत नाही.

पायरी ७: निवड ताज्या डोळ्यांनी करा

शूटच्या रात्री निवड करू नका. त्या वेळी फोटोत शूटची आठवण मिसळलेली असते आणि नोकरीनंतरचा थकवाही असतो. कार्ड कॉपी करून दोन ठिकाणी बॅकअप घ्या आणि झोपा. एक-दोन दिवसांनी सकाळच्या वेळी बसा.

पहिल्या फेरीत फक्त मिटलेले डोळे, हललेले आणि फोकस चुकलेले फोटो काढा. दुसऱ्या फेरीत दोन वेगळे गट करा. एक ‘त्यांना आवडतील’ असा आणि दुसरा ‘माझ्या कागदावरच्या वाक्यांना धरून आहेत’ असा. दोन्ही गटांत येणारे फोटो आधी घ्या. वीस फोटो द्यायचे असतील तर त्यांत किमान सात-आठ दुसऱ्या गटातले असलेच पाहिजेत. पाठवताना क्रम तुम्ही लावा आणि दुसऱ्या गटातला एक तरी अगदी सुरुवातीला ठेवा. शेदोनशे फोटो पाठवून ‘तुम्हीच निवडा’ म्हणणं म्हणजे शैलीतला सर्वांत मोठा निर्णय दुसऱ्याच्या हवाली करणं.

पायरी ८: एडिटिंगचा आपला पाया बनवा

दुसऱ्याचा प्रीसेट तुमच्या फोटोवर नीट बसत नाही, कारण तो त्याच्या उजेडासाठी, त्याच्या एक्स्पोजरसाठी आणि त्याच्यासमोर बसलेल्या माणसाच्या त्वचेसाठी बनलेला असतो. त्वचेचा मुद्दा जुना आहे. रंगीत फिल्मच्या काळात अनेक दशकं प्रिंटचे रंग जुळवण्यासाठी लॅबमध्ये ‘शर्ली कार्ड’ म्हणून जी फोटोकार्डं वापरत, त्यांवर गोऱ्या स्त्रीचा चेहरा असे, आणि सावळ्या, काळ्या त्वचेचे बारकावे प्रिंटमध्ये हरवत. आज विकत मिळणाऱ्या प्रीसेटमध्येही हे घडू शकतं.

स्वतःचा पाया असा बनवा. रॉ फाइलमध्ये फोटो काढा. प्रत्येक जागी सुरुवातीला ग्रे कार्ड (ठरावीक करड्या रंगाचा पुठ्ठा) हातात धरलेली एक फ्रेम घ्या आणि तिच्यावरून व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती) जुळवा. मग एक्स्पोजर (फोटोचा एकूण उजळपणा), नंतर टोन कर्व्ह (गडद आणि उजळ भागांतला फरक), आणि रंग सर्वांत शेवटी. त्वचेचे रंग बहुतांशी नारिंगीत येतात, म्हणून नारिंगीची छटा आणि उजळपणा अगदी थोडाच हलवा. हा पाया तीन वेगवेगळ्या वर्णाच्या माणसांवर लावून बघा. तिघंही स्वतःसारखी दिसली तरच तो ठेवा. स्क्रीनचा ब्राइटनेस दर वेळी सारखा असावा आणि खोलीत रात्रीचा पिवळा दिवा थेट स्क्रीनवर पडू नये, नाही तर पाया बरोबर असूनही रोज वेगळे रंग निघतील.

रिटचिंगसाठी साधा नियम आहे. जे दोन आठवड्यांत आपोआप जाणार आहे ते काढा: मुरूम, ओरखडा, दाढी करताना कापलेलं. जे त्या माणसाबरोबर राहणार आहे ते राहू द्या: तीळ, व्रण, सुरकुती. त्यांतलं काही काढायचं असेल तर ते त्या माणसाने सांगायला हवं, तुम्ही परस्पर ठरवू नये. कुणी व्रण झाकायला सांगितला तर शैलीच्या नावाखाली अडून बसू नका. तो चेहरा त्याचा आहे.

पायरी ९: स्वतःसाठीचे फोटो बंद पडू देऊ नका

कामं वाढली की सर्वांत आधी हेच सुटतं. महिन्यातून एक शूट असं ठेवा ज्यात क्लायंट नाही. एखादा विषय धरा: रात्रपाळी करणारी माणसं, आजी-नातवंडं, एकाच इमारतीत राहणारे सगळे. एकच जागा, एकच उजेड, वर्षभर. समोरच्याला वेळेच्या बदल्यात प्रिंट द्या आणि फोटो कुठे दाखवणार ते आधी सांगा. जर्मनीचे ऑगस्ट झांडर कलोनला स्टुडिओ चालवत होते आणि वेस्टरवाल्डच्या गावांत जाऊन शेतकऱ्यांचे फोटो काढून देत. त्याच फोटोंपासून त्यांचा विसाव्या शतकातल्या माणसांचं दर्शन घडवणारा आयुष्यभराचा प्रकल्प उभा राहिला. धंद्याचे फोटो आणि स्वतःचे फोटो त्यांनी वेगवेगळ्या कप्प्यांत कोंडले नाहीत.

लोकांच्या टिप्पण्यांचं काय करायचं? ब्रिटिश फोटोग्राफर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना पहिला कॅमेरा १८६३ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, मुलगी आणि जावयाने भेट दिला. त्यांच्या मऊ फोकसला तेव्हाच्या फोटोग्राफीतल्या जाणकारांनी कौशल्याची कमतरता ठरवलं. त्यांनी फोकस तसाच ठेवला, आणि आज ते पोर्ट्रेट त्या फोकससाठीच ओळखले जातात. यावरून प्रत्येक टीका चुकीची ठरत नाही. पण टीका तुमच्या कागदावरच्या निर्णयावर आहे की हाताळणीतल्या ढिसाळपणावर, एवढं वेगळं काढा. ढिसाळपणा असेल तर लगेच सुधारा. निर्णयावर असेल तर ऐकून घ्या आणि तो एका शूटमध्ये पुन्हा तपासून बघा.

पायरी १०: वर्षातून एकदा पुन्हा मांडून बघा

वर्ष झालं की पहिल्या पायरीतले तीस फोटो काढा आणि या वर्षातले तीस त्यांच्या शेजारी ठेवा. बदल दिसणारच. तो तुमचा आहे की बाजाराने करवून घेतला आहे, हे ओळखायला मी तारखा बघते. नवी गोष्ट, म्हणजे समजा, थेट फ्लॅशचा कडक उजेड, आधी तुमच्या स्वतःच्या फोटोंत आली आणि मग क्लायंटच्या, तर तुम्ही पुढे सरकला आहात. कागदावरचं जुनं वाक्य खोडून नवं लिहा. ती आधी क्लायंटच्या फोटोंत आली आणि स्वतःच्या फोटोंत अजूनही नाही, तर कुठल्या तरी होकारातून ती शिरली आहे. तो होकार कोणता ते आठवा. बहुतेक वेळा तो पाचव्या पायरीत, तारीख देण्याच्या घाईत सापडतो.

शैली खरोखर बदलली असेल तर पोर्टफोलिओ एकदम न बदलता दोन-तीन महिन्यांत हळूहळू बदला. जुने फोटो बघून ज्यांनी आधीच तारीख घेतली आहे त्यांना जुन्याच पद्धतीचे फोटो द्या. नवी पद्धत त्यांना विचारून शूटच्या त्या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत करून बघा, आणि आवडली तर त्यातले दोन-तीन फोटो वरती जोडून पाठवा.